बेताचा बेत

माझा दादा वजनकाट्यावर बसतो. म्हणजे तो खुर्चीवर बसतो, काटा बाहेर रस्त्याकडेला जमिनीत पुरलेला आहे. भरलेला ट्रक त्या लोखंडी पत्र्यावर येऊन उभा राहिला की केबिनमध्ये लाल आकडे पेटतात. वाळू, सिमेंट, भंगार, रद्दीचे गठ्ठे, जे येईल ते. प्रत्येक ट्रक दोनदा येतो, एकदा भरलेला आणि एकदा रिकामा. दादा एकातून दुसरं वजा करतो, पावती फाडतो आणि खिडकीतून बाहेर देतो. सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं आहे, आणि त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूचं वजन आपल्याला नुसतं बघून कळतं अशी त्याची पक्की समजूत आहे.

त्या काट्याचा शेवटचा आकडा नेहमी शून्य असतो. ड्रायव्हर त्यावरून हुज्जत घालतात. दहा किलो कुठे गेले, म्हणून विचारतात. मग दादा चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, "अरे बाबा, हा ट्रकचा काटा आहे, सोनाराचा नाही. दहाच्या खालचं याला दिसत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पुढे ते म्हणायची वेळ माझ्यावर आलीच.

ही गोष्ट घडली तेव्हा माझंही वजन दोनदा व्हायचं. आठवड्यातून तीन दिवस मी हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनला जोडलेली चार तास पडून असायची, कारण माझ्या दोन्ही किडन्यांनी त्याच्या तीन वर्षं आधी काम सोडलं होतं. मशीनवर जाण्याआधी एकदा वजन, उतरल्यावर एकदा. मधला फरक म्हणजे मी प्यायलेलं पाणी, जे शरीरातून आपणहून बाहेर पडायचं नाही. म्हणून मला दिवसाला एक लिटरच पाणी. चहा, सूप, गोळी गिळायचा घोट, सगळं त्यातच. माझा एक पिवळा कप आहे. असे चार कप झाले की दिवस संपला. केळं नाही, संत्रं नाही, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकल्याशिवाय नाही. रविवार सोडून उरलेले तीन दिवस मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. एक काच लावायची, बदलायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतं की आधी?" शंभरातले साठ लोक म्हणतात, "कळत नाही हो, परत दाखवा." पूर्वी मला त्यांचा वैताग यायचा. ज्या वर्षाबद्दल मी सांगतेय त्या वर्षात माझी गत त्यांच्यासारखीच झाली होती. आता बरं की आधी, कशाचंच काही कळत नव्हतं.

मी दादा-वहिनींकडेच राहते. मागची खोली माझी. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही.

त्या वर्षी दादानं कोणाला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या आणि कागद आणून माझ्यासमोर टाकले. रक्त जुळत होतं. बाकीचंही जुळत होतं. "घे," म्हणाला, जसं काही भाजीची पिशवी आणलीय. मी कागद उलटेपालटे करत राहिले. वहिनी मात्र बोलली. ती म्हणाली, "मला विचारायचं तरी," आणि मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "हो म्हटलंच असतं, पण विचारायचं."

घोडं अडलं ते वजनावर. आमच्या डॉक्टरीणबाई शांत आवाजात भयंकर गोष्टी सांगतात. त्यांनी दादाला काट्यावर उभं केलं. नव्याण्णव किलो. "एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी मी काढत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्हालाच ती लागेल. नव्वदच्या खाली या. मग बाकीचं बघू."

"किती दिवसांत?" दादानं विचारलं.

"घाई नाही आणि उशीरही नको. मशीनच्या सुया सोसणारी हिच्या हाताची शीर फार दिवस साथ देईल असं मला वाटत नाही. बेतानं खा, रोज थोडं पळायला लागा. बेतानं."

बाहेरच्या खोलीतल्या आहारबाईंनी त्याला एक छापील कागद दिला. दादानं तो न वाचताच घडी करून खिशात घातला.

घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बेतानं खायचं म्हणाल्या."

"कसला बेत?"

"बेत नाही गं. बेतानं."

"तेच विचारतेय. बेत काय करायचा ते सांगा, त्याप्रमाणे बाजार करते."

वहिनीचं काही चुकलं नव्हतं. ती एका शाळेच्या वसतिगृहात दोनशे पोरींचा स्वयंपाक करते. तिच्या लेखी बेत म्हणजे आज चुलीवर काय चढणार ते. दादाच्या लेखी बेत म्हणजे योजना, आखणी, मोहीम. आणि डॉक्टरीणबाईंच्या मनात होतं ते फक्त प्रमाणात खाणं. एका शब्दाचे तिघांनी तीन अर्थ घेतले, आणि पुढचे अडीच महिने आमच्या घरात जो गोंधळ माजला त्याचं मूळ तिथेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

दादानं खरोखरच बेत आखले. त्यांना आकडे दिले. बेत नंबर एक म्हणजे दिवसभर फक्त फळं. त्याच्याकडे येणाऱ्या एका ड्रायव्हरचा मेहुणा असा म्हणे बारीक झाला होता. घरात केळ्यांचे फणे आले, संत्र्यांची जाळी आली. मी तीन वर्षांत केळ्याला हात लावलेला नव्हता. तो माझ्यासमोर बसून सोलायचा आणि मग एकदम लक्षात येऊन पाठ फिरवून खायचा. एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून केळं खातोय हे बघून हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

चौथ्या दिवशी तो वहिनीवर चपलेवरून खेकसला. सातव्या दिवशी तिनं वसतिगृहातून उरलेला केक आणला होता, त्याचे पाच तुकडे त्यानं उभ्या उभ्या खाल्ले. बेत नंबर एक तिथे आटोपला.

बेत नंबर दोनमध्ये भरपूर पाणी प्यायचं होतं. जेवायच्या आधी अर्धा लिटर, म्हणजे भूक मरते. दिवसाला चार लिटर. माझ्यासमोर प्यायची त्याला लाज वाटायची, म्हणून तो स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचा. पण घोट ऐकू येतात. गट, गट, गट. मी बाहेर पिवळा कप हातात धरून बसलेली. मला त्याचा इतका राग यायचा की सांगायची सोय नाही. माझ्यासाठीच पितोय, हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच खुर्चीवर बसून.

आणि आणखी एक गोष्ट सुरू झाली होती, जी मी कोणाला सांगितली नव्हती. मी त्याचे घास मोजायला लागले होते. तो जेवायला बसला की मी वर्तमानपत्र पुढे धरायची आणि त्याच्या कडेनं बघायची. बावीस. तेवीस. आता बस कर. चोवीस. पुन्हा भात घेतला. मेल्या, माझी किडनी आहे ती. असं मनात यायचं, आणि मग स्वतःचीच किळस यायची. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, त्याच्या ताटावर मी डोळा ठेवून होते. जेवण झालं की तो रोज म्हणायचा, "जरा बाहेर जाऊन येतो," आणि पायरीवर जाऊन उभा राहायचा. तीन वर्षांची सवय होती ती. पाय मोकळे करत असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

पळण्याचा कारभार पोस्टमनकाकांकडे होता. शेजारचे, निवृत्त, काटक, पासष्टीतसुद्धा रोज सकाळी पळणारे. पहिल्या दिवशी दादा त्यांच्याबरोबर गेला तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत पळाला आणि तिथल्याच पायरीवर बसला. काका म्हणाले, "जागा चांगली निवडलीस." नंतर त्यांनी त्याला विजेच्या खांबांचा हिशेब घालून दिला. तीन खांब चालायचं, एक खांब पळायचं. पळतानाही गप्पा मारता आल्या पाहिजेत, दम लागून बोलती बंद झाली तर तू जास्त जोरात पळतोयस. दादानं हे ऐकून घेतलं आणि काका वळणावर दिसेनासे झाले की तो सगळे खांब पळायचा. दोन आठवड्यांत गुडघा सुजला. एक आठवडा घरी. मग पुन्हा सगळे खांब.

आता काट्याचं सांगते. घरी वजन करायचं यंत्र घेऊ या, असं वहिनी पहिल्या दिवसापासून म्हणत होती. दादानं नाक मुरडलं. "ती खेळणी आहेत. माझ्या काट्याला दरवर्षी सरकारी शिक्का लागतो." रोज सकाळी पहिला ट्रक यायच्या आधी तो चपला काढून त्या भल्यामोठ्या पत्र्यावर एकटा जाऊन उभा राहायचा, आणि पत्रा झाडायला येणाऱ्या बाईला केबिनमधून आकडा वाचायला सांगायचा. ती म्हणायची, शंभर. रोज शंभर. फळं खाऊन शंभर, पाणी पिऊन शंभर, केक खाऊन शंभर, पळून शंभर. घरी येऊन तो डोकं धरून बसायचा. "काहीच लागू पडत नाही मला. माझं शरीरच तसलं आहे." मग बेत बदलायचा. मला काहीतरी चुकतंय असं वाटायचं, पण नक्की काय ते लक्षात येत नव्हतं. खरं सांगायचं तर मी आकड्यांकडे बघतच नव्हते, मी घासांकडे बघत होते.

बेत नंबर तीन भयानक होता. सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी वाटीभर कोबीचं पाणी, रात्री तेच. आणि रोज सगळे खांब. दादाचे गाल बसले, डोळ्यांखाली काळं आलं. बोलता बोलता तो वाक्य विसरायचा. एकदा त्यानं भरलेल्या ट्रकला रिकाम्याची पावती दिली, जी चूक सव्वीस वर्षांत झाली नव्हती. वहिनी रडकुंडीला आली होती. "तुम्ही काहीतरी सांगा ना त्यांना," मला म्हणायची. मी सांगायला हवं होतं. मी मूग गिळून गप्प बसले, कारण घास कमी झाले होते. दुपारी अकरा, रात्री नऊ. हे लिहायला मला लाज वाटतेय, पण खोटं कशाला लिहू.

आणि मग एका सकाळी दादाचा फोन आला. मी दुकानात होते, एका आजोबांच्या डोळ्यासमोर काच धरून. "नव्वद," दादा म्हणाला. आवाज फाटला होता. "नव्वद आलं. पत्रा झाडणाऱ्या बाईनं दोनदा वाचलं." मी आजोबांना तसंच सोडून मागच्या खोलीत गेले आणि भिंतीला टेकून रडले. परत आले तेव्हा आजोबा म्हणाले, "आधीचंच बरं दिसत होतं."

पुढच्या आठवड्यात आम्ही हॉस्पिटलात गेलो. दादानं नवीन शर्ट घातला होता, तो त्याला सैल झाला होता. नर्सनं काट्यावर उभं केलं. चौऱ्याण्णव किलो सातशे ग्रॅम.

"तुमचा काटा तपासून घ्या," दादा म्हणाला.

नर्स म्हणाली, "काल तपासलाय."

"कसला तपासलाय. साडेचार किलोचा फरक? शिक्का कुठे आहे याच्यावर?"

त्याचा आवाज चढला. बाकावरची माणसं बघायला लागली. मी पुढे झाले आणि त्या काट्यावर उभी राहिले. माझं वजन आठवड्यातून सहा वेळा व्हायचं, मला ते ग्रॅमपर्यंत पाठ असायचं. काटा बरोबर होता. आणि तिथेच, तसंच उभ्या उभ्या, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"दादा," मी म्हटलं, "तुझा ट्रकचा काटा आहे, सोनाराचा नाही. दहाच्या खालचं त्याला दिसत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. पंच्याण्णवच्या वर असेल तर शंभर. पंच्याण्णवच्या खाली आलं की नव्वद. मधले सगळे दिवस काटा गप्प. पहिल्या महिन्यात त्याचं वजन खरंच दोन-तीन किलो उतरलं असणार, ते कोणालाच दिसलं नाही, म्हणून त्यानं बेत सोडला. सव्वीस वर्षं जे दुसऱ्यांना समजावलं ते स्वतःच्या अंगाला लावायचं त्याला सुचलंच नाही. त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं, सांगितलं नसतं तर बरं.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज शांत राहिला नाही. लघवीत भलतंच काही सापडलं होतं, रक्तदाब खाली गेला होता. "हा उपाशी माणसाचा रिपोर्ट आहे," त्या म्हणाल्या. "वजन उतरवायला सांगितलं होतं, जीव उतरवायला नाही. तीन महिने देते. तेव्हाही असंच काही केलेलं दिसलं तर तुमचं नाव मी काढून टाकीन. मग ही वाट बघणाऱ्यांच्या यादीत. तिथे माणसं वर्षानुवर्षं असतात."

बाहेर आवारात सिमेंटचा बाक आहे. आम्ही दोघं तिथे बसलो. मग मी विचारलं, "तो आहारबाईंचा कागद कुठे आहे?"

"केबिनमध्ये टेबल हलत होतं. पायाखाली घातला."

"वाचलास?"

"वरवर. त्यात काही नव्हतं गं. सगळं खा म्हणे, थोडं थोडं. आठवड्याला अर्धा किलो उतरेल म्हणे." त्यानं अर्धा किलो हे शब्द असे उच्चारले की जणू कोणी शिवी दिली. "किडनी द्यायची म्हणजे काही सोसायला नको? खाऊनपिऊन, गप्पा मारत पळून, हळूहळू... मग मी तुला दिलं काय?"

मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती, आणि त्याच्याही खाली काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. थोबाडीत मारावी की गळ्यात पडावं, ठरेना. "मला तुझी किडनी हवी आहे," मी म्हटलं. "हवी आहे, हे ऐक एकदा. मी नाही नाही म्हणणाऱ्यातली नाही. पण तुझी उपासमार मला नको, तिचं मी काय करू? ती बसवता येत नाही."

तो हसला नाही. पण थोड्या वेळानं म्हणाला, "मग काय बेत करायचा?"

"बेताचा," मी म्हटलं.

आम्ही तिथून सरळ त्याच्या केबिनवर गेलो. मी वाकून टेबलाच्या पायाखालून कागद काढला, घडीवर पायाचा गोल ठसा उमटला होता. टेबल हलायला लागलं, ते हलू दिलं. ताटाचा अर्धा भाग भाजी. पाव भाग भात किंवा पोळी. पाव भाग अंडी, मासे, डाळ, यांतलं काहीतरी. मधल्या वेळी एखादं फळ. तेल मोजून. गोड आठवड्यातून एकदा, बसून, चवीनं. कुठलाच पदार्थ बंद नाही. पोट तुडुंब भरायच्या आधी उठायचं, पण उपाशी उठायचं नाही. कागदावर हे एवढंच होतं. तीन वर्षं मी मोजूनमापून जेवत होते, या घरात बेतानं खाण्यातली जाणकार मीच, आणि मला कोणी विचारलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

घरगुती काटा आणला. दादानं केबिनमधलं शिक्क्याचं वीस किलोचं लोखंडी वजन सायकलला बांधून घरी आणलं आणि त्या काट्यावर ठेवून बघितलं. बरोबर वीस दाखवल्यावरच तो त्यावर चढला.

पहिल्या आठवड्यात वजन वाढलं. पंच्याण्णव किलो आठशे. दादाचे डोळे पांढरे झाले. मीही आतून हादरले. उपाशी शरीराला खायला मिळालं की असं होतं, असं आहारबाई फोनवर म्हणाल्या, पण ऐकणं आणि विश्वास बसणं यात फरक असतो. खातोय ते जास्त होतंय का? कमी होतंय का? हा भाताचा ढीग पाव भाग आहे की अर्धा? वहिनी दोनशे पोरींचं वाढते, तिचा हात सैल. मी तिच्या हातातून डाव घ्यायची, ती परत घ्यायची. एकदा आम्ही दोघी ताटावर वाकून भांडत होतो आणि दादा मध्ये हात जोडून बसला होता. आता बरं दिसतंय की आधी, कोणालाच कळत नव्हतं. फक्त एवढंच ठरवलं होतं की तीन महिने काचा बदलायच्या नाहीत.

पळणंही खांबांच्या हिशेबानं. पोस्टमनकाका आता वळणावर थांबून मागे बघायचे. तीन खांब चालणं, एक पळणं. मग दोन आणि एक. मग एक आणि एक. मशीनचा दिवस नसला की मी खिडकीत उभी राहायची. दोघांच्या गप्पा आधी ऐकू यायच्या, पावलं नंतर. एके दिवशी काका म्हणाले, "अरे, आज तीन खांब पळालास, तुझ्या लक्षात आलं का?" दादा म्हणाला, "तुमच्या सुनेची गोष्ट रंगली होती."

वजन उतरायला लागलं. चारशे ग्रॅम. सहाशे. एका आठवड्यात काहीच नाही. मग पुन्हा पाचशे. आठव्या आठवड्यात दुपारी आम्ही जेवत होतो. वहिनी कामावर. दादानं ताटात थोडा भात ठेवला आणि हात आखडता घेतला. पाव भागातलाच भात होता, त्याच्या हक्काचा. माझ्यानं राहवलं नाही.

"खा रे," मी म्हटलं. "मी मोजते म्हणून सोडू नकोस."

तो थांबला.

"मी तुझे घास मोजते," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. वर्तमानपत्राच्या आडून. तू जास्त खाल्लंस की मला तुझा राग येतो. तू उपाशी मरत होतास तेव्हा मला बरं वाटत होतं. मी अशी आहे."

त्यानं तो भात कालवला. "माहीत आहे," म्हणाला. "पेपर उलटा धरलेला असतो कधी कधी."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू. मी तुझं पाणी मोजतो. तीन वर्षं. रात्री जेवताना तू चौथा कप संपवतेस आणि पालथा घालतेस, तो आवाज मला ऐकवत नाही. म्हणून मी उठून बाहेर जातो."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. त्यानं भात संपवला, मी मोजला नाही. त्या रात्री मी कप पालथा घालायच्या ऐवजी तसाच सरळ ठेवला. तरी तो उठलाच.

तीन महिन्यांनी हॉस्पिटलच्या काट्यावर एकोणनव्वद किलो चारशे आले. दादानं नर्सला विचारलं, "शिक्का आहे ना?" ती म्हणाली, "आहे हो." डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचले. मग पेन उघडलं आणि तारीख लिहिली. मला वाटलं होतं त्या क्षणी मी आनंदानं वेडी होईन. मी फक्त दादाच्या पट्ट्याकडे बघत होते, त्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवीन भोकं होती.

ऑपरेशनचं मी सांगत नाही, मी त्यात झोपलेली होते. चौथ्या दिवशी नर्स माझ्या खोलीत आली आणि पाण्याचा मोठा जग ठेवून म्हणाली, "आता भरपूर प्यायचं. दिवसाला तीन लिटर, त्याहून जास्त चालेल. नवीन किडनीला काम द्या." आणि गेली.

वहिनीनं पिवळा कप आणून दिला होता. मी पहिला कप प्यायले. दुसरा. मला काही समजत नव्हतं. तीन वर्षं ज्याची स्वप्नं पडली ते पाणी समोर जग भरून ठेवलं होतं, आणि माझा हात घाबरत होता. तेवढ्यात दार ढकलून दादा आला. तोंडाला मास्क, एक हात कुशीवर दाबलेला, पाऊल मोजून टाकत. खुर्चीवर बसायला त्याला बराच वेळ लागला. त्यानं पाण्याच्या जगाकडे बघितलं आणि कपाकडे बघितलं. मी तिसरा प्यायले. चौथा प्यायले. आणि कप पालथा घालून ठेवला. मुद्दाम नाही, सवयीनं हातानंच घातला.

मी दाराकडे बघितलं. तो आता उठेल असं मला वाटलं.

दादा उठला नाही. कुशीवरचा हात न काढता त्यानं दुसऱ्या हातानं कप सुलटा केला, जग तिरपा करून काठोकाठ भरला, थोडं माझ्या चादरीवर सांडलं, आणि कप माझ्यापुढे धरला.

"पाचवा," तो म्हणाला.